लक्षात कुणी ठेवायचं? – ईमेल-याद्या आणि तुटपुंज्या मेमरीचा इतिहास



व्याख्यानमालेची पत्रिका निघाली तेव्हा दोघातिघांचे फोन आले. म्हणाले, सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे सर्व्हर आणि सॉफ्टवेअर मध्येच कुठून काढलंत? त्यांना मी सांगितलं, विषय बदललेला नाही. स्मृती हा माझा जुनाच विषय. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत, म्हणजे यथार्थ अनुभवाच्या पंक्तीला बसवत नाहीत. पण ती कशी घडते याचा विचार त्यांनी बारकाईने केला. अनुभव मागे संस्कार ठेवून जातो, तो संस्कार निजलेला असतो, आणि काही निमित्त घडलं की तो जागा होतो. त्या निमित्ताला त्यांनी ‘उद्बोधक’ असा छान शब्द दिला आहे. म्हणजे प्रश्न दोन: संस्कार ठेवायचा कुठे, आणि त्याला जागं कशाने करायचं? कमी मेमरीच्या यंत्रावर ईमेलची यादी चालवणाऱ्या माणसांपुढे पन्नास वर्षं हेच दोन प्रश्न आहेत.

आधी यादी म्हणजे काय ते सांगतो, कारण समोर सगळे संगणकवाले नाहीत. एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर तुम्ही पत्र पाठवलंत की ते यादीतल्या सगळ्यांना जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे करणाऱ्या प्रोग्रामला बऱ्याच गोष्टी माहीत असाव्या लागतात. सभासद कोण, कुणाला नाव काढायचं आहे, कुणाचा पत्ता बंद पडला आहे, जुनी पत्रं कुठे आहेत. आणि संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, ही स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी असते. डिस्क म्हणजे फडताळ. फडताळात कितीही डबे मावतील, पण कांदा चिरायचा तर ओट्यावरच. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ज्यांनी संसार पाहिला आहे त्यांना ओट्यावर काय ठेवायचं आणि काय नाही, हे शास्त्र वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या याद्यांमध्ये लक्षात ठेवण्याचं काम माणूसच करत होता. अमेरिकेच्या आर्पानेटवर १९७५ साली ‘मेसेजग्रुप’ नावाची यादी सुरू झाली. ईमेलचं स्वरूप कसं असावं याची चर्चा ईमेलवरच करणारी ही मंडळी. तिचं काम पाहायचे आइनर स्टेफरुड. सुरुवातीला आलेलं पत्र ते स्वतः सगळ्यांना पुढे पाठवत. यादीची मेमरी म्हणजे एक माणूस, आणि तो आजारी पडला की यादी आजारी.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचे आयरा फुक्स आणि येलचे ग्रेडन फ्रीमन यांनी विद्यापीठं जोडणारं ‘बिटनेट’ सुरू केलं. आयबीएमची मोठी यंत्रं, भाड्याच्या टेलिफोन तारा. त्या तारांचा वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला ९६०० बिट. हा आकडा आपल्याला परका नाही. १९८९च्या सुमारास मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून अमेरिकेला जी ईमेलची तार गेली तिचाही वेग हाच होता. सगळा हिशेब नुसता डोक्यात करून पाहा. दोन पानांचं पत्र म्हणजे चारेक हजार अक्षरं. एका अक्षराला आठ बिट धरले तर एक पत्र जायला तीन-साडेतीन सेकंद. तेच पत्र समुद्रापलीकडच्या तीनशे सभासदांना एकेक करून पाठवायचं तर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ ती तार अडून राहणार, आणि तेवढा वेळ बाकीच्यांचं टपाल तुंबणार.

१९८६ साली एरिक तोमा या पॅरिसमधल्या विद्यार्थ्याने यावर उपाय लिहिला. त्या प्रोग्रामचं नाव ‘लिस्टसर्व्ह’. (इंग्रजीत त्याच्या शेवटी ‘ई’ नाही. त्या यंत्रांवर आठ अक्षरांपेक्षा लांब नाव चालत नसे, म्हणून ‘ई’चा बळी गेला.) त्याआधी बिटनेटच्या केंद्रावरच्या याद्यांत नाव घालायचं तर तिथल्या माणसाला लिहावं लागे. तोमाच्या प्रोग्रामला तुम्ही थेट पत्र पाठवायचं, ‘माझं नाव घाला’, आणि तो घालायचा. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जागोजागचे लिस्टसर्व्ह एकमेकांना ओळखत होते. समुद्र ओलांडायचा तो पत्राच्या एकाच प्रतीने. पलीकडचा लिस्टसर्व्ह मग तिकडच्या सभासदांना वाटप करायचा. इथे काटकसर तारेची आहे. त्यासाठी प्रत्येक यंत्राला जाळ्याचा सगळा नकाशा माहीत असावा लागे. तारेवरचा भार कमी झाला, लक्षात ठेवण्याचा वाढला. मोठ्या विद्यापीठांच्या मोठ्या यंत्रांना ते परवडत होतं.

हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या दहा वर्षांत नेमकं उलट घडलं.

१९९२ साली ब्रेंट चॅपमनने ‘मेजरडोमो’ लिहिलं. शब्दाचा अर्थ वाड्यावरचा कारभारी. हा पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्राम युनिक्सच्या साध्या यंत्रावर चाले. पत्र आलं की कारभारी उठायचा, काम करायचा, पुन्हा झोपायचा. पत्ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. व्यवस्था चांगलीच होती. अडचण एवढीच की प्रत्येक वेळी उठताना तो पर्लचा सगळा बाडबिस्तरा घेऊन उठे. दहा पत्रं एकदम आली की दहा कारभारी दहा बिस्तरे घेऊन त्याच ओट्यावर. तरी लिनक्स कर्नलच्या विकासकांच्या याद्या दोन दशकांहून जास्त काळ याच मेजरडोमोवर चालल्या, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग ‘मेलमन’ आला. जॉन व्हिएगाने तो विद्यार्थिदशेत डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांच्या यादीसाठी लिहिला. पुढे त्याची डिस्क बिघडली आणि मूळ प्रत गेली. केन मॅनहायमर मेजरडोमोला पर्याय शोधत होते. त्यांच्याजवळ एक प्रत होती म्हणून हा प्रोग्राम वाचला. नंतर बॅरी वॉर्सा यांनी तो वाढवला. मेलमनने एक मोठी गोष्ट केली: यादी चालवण्यासाठी वेबचं पान दिलं. आज्ञा पाठ नसलेल्या माणसालाही यादी चालवता आली. शाळा, संस्था, छोटी मंडळं यांच्यात याद्या पसरल्या त्या यामुळे. मी पुढे त्याच्या विरुद्ध बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

मेलमनची स्मृती कशी आहे पाहा. मेलमन २ मध्ये एका यादीची सगळी माहिती – सभासद, त्यांचे पासवर्ड, आवडीनिवडी – एका फाइलीत बांधलेली असते. पायथन भाषेत माहिती अशी साठवण्याच्या पद्धतीचं नावच ‘पिकल’, म्हणजे लोणचं. (हशा) हसू नका, अधिकृत नाव आहे. आता लोणच्याची बरणी कशी असते? एक फोड हवी असली तरी बरणीच खाली काढावी लागते. एका सभासदाने पत्ता बदलला की सगळी यादी मेमरीत येते आणि सगळीच पुन्हा लिहिली जाते. शिवाय मेलमन २.१ मध्ये आठ वेगवेगळे सेवक कायम जागे असतात. एक आलेल्या पत्रांचा, एक जाणाऱ्यांचा, एक परत आलेल्यांचा, एक संग्रहाचा, असे. दिवसभरात एकही पत्र आलं नाही तरी आठही जण ओट्यावर बसलेले, प्रत्येकाजवळ पायथनचा आपापला बोजा. पुढचा मेलमन ३ तर डेटाबेस आणि वेबचा स्वतंत्र सरंजाम घेऊनच येतो. अर्धा जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर हे सगळं बसवायला गेलेल्या माणसाचे हाल होतात. त्यात व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही बसवला तर विचारू नका. त्या एकट्यालाच आज एक जीबीहून जास्त लागते.

आणि मेमरी संपली की काय होतं? लिनक्समध्ये एक व्यवस्था आहे, तिला ‘ओओएम किलर’ म्हणतात. कर्नल प्रोग्रामांना मेमरीची वचनं सढळ हाताने देतो. सगळ्यांनी ती एकदम वटवायला आणली की द्यायला काही उरत नाही. मग कुणाला मारायचं ते तो ठरवतो, आणि मुख्य निकष असतो कोण जास्त मेमरी खातो हा. पुष्कळदा बळी जातो डेटाबेसचा, म्हणजे ज्याने सगळं लक्षात ठेवलं आहे त्याचाच. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत मी यावर वीस गुणांचा प्रश्न विचारला असता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९९७ च्या सुमारास डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने ‘क्यूमेल’ या आपल्या मेल सर्व्हरच्या जोडीला ‘ईझी-एमएलएम’ नावाचा यादीचा प्रोग्राम लिहिला. माझ्या मते या क्षेत्रात विचार म्हणून सगळ्यात सुंदर काम हेच आहे. त्यात कायम जागा राहणारा सेवक एकही नाही. पत्र आलं की क्यूमेल सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम उठवतो, तो आपलं काम करतो आणि जातो. पत्र हाच उद्बोधक. सभासदांचे पत्ते एका फाइलीत नाहीत, त्रेपन्न छोट्या फाइलींत विभागलेले आहेत. पत्त्याच्या अक्षरांवरून एक हिशेब करायचा आणि त्यातून फाइल ठरते. अमुक माणूस सभासद आहे का, हे पाहायला त्रेपन्नातली एकच फाइल उघडावी लागते. सगळ्यांना पत्र पाठवताना एकामागून एक फाइल उघडून पत्ते पुढे सरकवले जातात. सगळी यादी एका वेळी मेमरीत कधीच नसते. दोनशे सभासद असोत की वीस हजार, ओटा तेवढाच लागतो.

पण हे झालं नेटकेपण. खरी गंमत पुढे आहे.

पोस्टमन एखादं पत्र ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत आणतो, तसं ईमेलही परत येतं. पण ते कुणाला पाठवलेलं होतं हे परत आलेल्या पत्रावरून नीट कळतच नाही. प्रत्येक सर्व्हरचा मजकूर वेगळा. माणसाने आपलं ईमेल दुसऱ्या पत्त्यावर वळवलेलं असलं तर तिथला पत्ताच दिसतो, आणि तो आपल्या यादीत नसतोच. जुन्या प्रोग्रामांनी यासाठी मोठमोठे नियम लिहिले, तर्क केले, आणि शेवटी यादीच्या चालकाने डोळ्यांत तेल घालून वाचत बसायचं. बर्नस्टाइनने विचारलं की हे सर्व्हरने ओळखायचंच कशाला? प्रत्येक सभासदाला पाठवताना पाकिटावरचा परतीचा पत्ताच वेगळा घाला. त्यात यादीचं नाव, पत्राचा क्रमांक, आणि त्या सभासदाचा स्वतःचा पत्ता, फक्त ‘अ‍ॅट’च्या खुणेच्या जागी बरोबरीचं चिन्ह. पत्र परत आलं तर ते स्वतःच सांगतं की मी अमक्याचं, अमुक क्रमांकाचं. या पद्धतीला ‘व्हर्प’ म्हणतात.

मुंबईकरांना हे परकं वाटू नये. डबेवाल्याच्या हातात वही नसते. डब्याच्या झाकणावर रंगाने केलेल्या खुणा असतात, स्टेशन, इमारत, मजला. डबा चार हातांतून जातो आणि कुणालाच सगळी यादी पाठ करावी लागत नाही. जे लक्षात ठेवायचं ते डब्यावरच लिहिलेलं आहे. रिकामा डबा परत येतो तोही त्याच खुणांवर.

सभासद होण्याच्या विनंतीचंही तसंच. कुणीही तुमच्या नावाने विनंती पाठवू शकतो, म्हणून प्रोग्राम तुम्हाला ‘खरंच तुम्हीच ना?’ असं विचारतो. दुसऱ्या प्रोग्रामांत अशा प्रलंबित विनंत्यांची नोंद ठेवावी लागते. कुणी खोडसाळपणे लाखभर विनंत्या पाठवल्या तर लाखभर नोंदी. ईझी-एमएलएम काहीच ठेवत नाही. तो तुमचा पत्ता, वेळ आणि आपल्याकडची एक गुप्त किल्ली यांचा मिळून एक सांकेतिक शब्द तयार करतो, तो उत्तराच्या पत्त्यातच घालतो, आणि विसरून जातो. तुमचं उत्तर आलं की पुन्हा तोच हिशेब करून पाहतो. जुळला तर नाव घालतो. मुदत दहा लाख सेकंदांची, म्हणजे साडेअकरा दिवसांच्या थोडी वर. गणितज्ञाची मुदत ती, आठवडे-पंधरवडे त्याला कुठले!

पत्ते बंद पडले तर लगेच नावही काढत नाही. तेवढेच दिवस थांबतो, मग सभासदाला एक पत्र पाठवतो की तुम्हाला अमुक अमुक क्रमांकाची पत्रं पोहोचली नाहीत. तेही परत आलं तर एक शेवटचं चाचणीचं पत्र. तेही परत आलं तरच नाव काढतो. इतकी सभ्यता मी फार थोड्या संस्थांच्या कार्यालयांत पाहिली आहे.

यात फुकट काही नाही. प्रत्येकाचं पाकीट वेगळं झालं, त्यामुळे क्यूमेल प्रत्येक सभासदासाठी स्वतंत्र जोडणी करून पत्र पोहोचवतो. एकाच सर्व्हरवर पन्नास सभासद असले तरी पन्नास वेळा. तोमाने मेमरी खर्चून तार वाचवली होती. बर्नस्टाइनने तार खर्चून मेमरी वाचवली. यावरून तेव्हा बराच वाद झाला, उधळपट्टी म्हणून टीका झाली. पण तोवर तारा स्वस्त होत होत्या, आणि छोट्या माणसाच्या हातात काय होतं? जुनं ४८६ आणि आठ-सोळा एमबी रॅम. या वादात मी निःसंकोच बर्नस्टाइनच्या बाजूचा आहे. विद्यापीठाचं मोठं यंत्र नसलेल्या माणसाला यादी चालवता आली ती अशा विचाराने.

त्याचा स्वभाव मात्र हट्टी. क्यूमेलमध्ये सुरक्षेची खोट दाखवणाऱ्याला पाचशे डॉलर देईन म्हणून त्याने जाहीर केलं होतं. पण क्यूमेल बदलून वाटायची परवानगी कुणाला नव्हती. ती २००७ मध्ये मिळाली, त्याने ते सार्वजनिक करून टाकलं तेव्हा. तोवर लिनक्सची वितरणं पोस्टफिक्सकडे आणि एक्झिमकडे गेली होती आणि क्यूमेलवाचून ईझी-एमएलएम चालत नाही. दरम्यान मॅड्स मार्टिन योर्गेनसन याने तोच विचार घेऊन, कुठल्याही मेल सर्व्हरबरोबर चालेल असा, मोकळ्या परवान्याचा ‘एमएलएमएमजे’ लिहिला, सी भाषेतच. त्यात सभासदांच्या फाइली पत्त्याच्या पहिल्या अक्षरावरून केलेल्या आहेत, जुन्या पत्त्यांच्या वहीला कडेने अक्षरांच्या पायऱ्या कापलेल्या असत ना, तशा. प्रलंबित विनंत्या मात्र हा डिस्कवर ठेवतो. सगळंच विसरण्याचं धाडस त्याने केलं नाही.

आता कुणी म्हणेल, आज खिशातल्या फोनमध्ये आठ जीबी रॅम आहे, हा सगळा काटकसरीचा पुराणपाठ कशाला? मी सांगतो कशाला. मेलमन बसवणं जड, सांभाळणं त्याहून जड, म्हणून हजारो छोट्या गटांनी आपल्या याद्या मोठ्या कंपन्यांच्या फुकट सेवांवर नेल्या. त्यातली सर्वांत मोठी याहू ग्रुप्स. परदेशातली महाराष्ट्र मंडळं, माजी विद्यार्थ्यांचे संघ, एखाद्या दुर्मिळ आजाराचे रुग्ण, गिर्यारोहक. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की साठवलेला मजकूर काढून टाकणार. मुदत आधी डिसेंबरच्या मध्यापर्यंत होती, ओरड झाल्यावर जानेवारीअखेरपर्यंत वाढवली. १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद. ज्यांना वेळेवर कळलं त्यांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं. ज्यांचा चालक वारला होता, किंवा पासवर्ड हरवला होता, त्यांची वीस वर्षांची पत्रं गेली. दोनेकशे माणसांच्या यादीचा सगळा पत्रव्यवहार किती असतो? नुसता मजकूर धरला तर एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो. तो ठेवायला कंपनीची गरज नव्हतीच. रास्पबेरी पायचं पहिलं मॉडेल २०१२ मध्ये आलं, पत्त्याच्या कॅटएवढं, २५६ एमबी रॅमचं. ईझी-एमएलएमच्या पद्धतीने चालणाऱ्या यादीला तेवढा ओटा ऐसपैस आहे.

अडचण आता दुसरीच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. घरच्या जोडणीवरून पाठवलेलं ईमेल मोठे सर्व्हर घेतच नाहीत. पुष्कळ इंटरनेट कंपन्या तो दरवाजा, पंचवीस क्रमांकाचा पोर्ट, मुळातच बंद ठेवतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने असा नियम लावला की आमच्या पत्त्यावरून निघालेलं पत्र आमच्याच सर्व्हरवरून आलेलं नसेल तर नाकारा. यादी तर दुसऱ्याचं पत्रच पुढे पाठवते! एका रात्रीत जगभरच्या याद्या अडखळल्या. तेव्हापासून याद्यांना पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आपला पत्ता घालण्याच्या कसरती कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूच्या अटी आणखी कडक झाल्या. छोट्या यंत्राला मेमरी पुरते, पण बाजारात पत नसते. उधारी बंद असलेल्या गिऱ्हाइकासारखी त्याची अवस्था. यावर सध्या चालतो तो मधला मार्ग असा: यादी, सभासदांच्या फाइली आणि संग्रह आपल्या यंत्रावर ठेवायचे, आणि बाहेर जाणारं टपाल तेवढं पत असलेल्या एखाद्या सेवेमार्फत पाठवायचं. उद्या त्या सेवेने दुकान बंद केलं तर दुसरी घ्यायची. पत्रं आपल्याकडेच राहतात.

लिनक्स कर्नलवाल्यांनी २०२३ मध्ये आपल्या याद्या जुन्या मेजरडोमोवरून हलवल्या. त्यांच्याकडे यंत्रांची आणि मेमरीची ददात नाही. त्यांनी निवडला एमएलएमएमजे. त्यात संग्रहातलं प्रत्येक पत्र ही एक साधी फाइल असते, नाव म्हणजे नुसता क्रमांक. उद्या प्रोग्राम उरला नाही तरी ती कुणालाही उघडून वाचता येते. लोणच्याची बरणी उघडायला मात्र पायथनच लागतो.

आपल्या वाचनगटाची यादी अशा यंत्रावर आणायला काय काय करावं लागेल, हे विचारणारी चिठ्ठी मघाशीच पुढे आली आहे. तिच्यापासूनच प्रश्नोत्तरं सुरू करू.